आजीच्या ओव्यांची कॅसेट

रविवार, रात्र

फोटोंचं स्कॅनिंग आज थांबवलं आणि कॅसेट काढल्या. अल्बम वर्षभर थांबतील, फिती थांबणार नाहीत. कोकणातल्या पावसाळी हवेत त्यांना बुरशी धरते, आणि वाजवायला धड डेकही आता सहज मिळत नाही.

आत्याकडची सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, सगळ्यात महत्त्वाची. फीत हेडवर दाबून धरणारी आतली इवलीशी गादी गळून पडलेली, त्यामुळे आवाज पार खोल गेला होता. नशीब, कॅसेट स्क्रूची होती. चिकटवलेली असती तर फोडावी लागली असती. दोन्ही चकऱ्या फितीसकट दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवल्या, हेड पुसलं, आणि डेकची वायर लॅपटॉपला लावून ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सुरू केलं. एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे ४५ मिनिटं समोर बसायचंच.

आजी जात्यावर ओव्या म्हणतेय. जात्याची घरघर सतत आहे. मधेच ओवी तोडून ती म्हणते, "अगो, दूध बघ, उतू जायल!" आणि तोडली तिथूनच पुढे सुरू.

धाकटा भाऊ म्हणाला, घरघर काढून टाक, आवाज स्वच्छ येईल. थोडं करून पाहिलं. घरघरीबरोबर ओळीच्या शेवटी सुटणारा आजीचा श्वासही गेला. जातं ओढताना जोर लागतो, त्या जोरावरच ओवीची लय आहे. जातं काढलं तर उरतं काय? मूळ वेव्ह फाइलला हात लावायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय. कुणाला साफ केलेली हवी असेल तर ती प्रत वेगळी.

मधे दुसरा आवाज येतो. आईने लगेच ओळखला: थोरली काकू. फोटोंत ती कायम मागच्या रांगेत, पदराआड अर्धी झाकलेली. इथे मात्र आजीची ओळ उचलून खणखणीत म्हणतेय.

जात्यावरच्या ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याही गाणारणीच्या आणि गावाच्या नावासकट. म्हणून फाइलच्या नावात मीही दोघींची नावं घातली. गाव आणि 'माजघर' हेही लिहिलं. साल आत्याला विचारायचं आहे.

उद्या दुसरी बाजू. आई शेजारी असतानाच लावेन. त्यातले आवाज ओळखणारी आता तीच आहे.