आयपी नंबर सांगा, मगच बोला

"शंभर पेशंटना हेच इंजेक्शन देतोय, तुमच्या आईलाच कसं लागू पडत नाही?"

दोन वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता एका सिस्टरनी मला हे विचारलं होतं. तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, आणि ते मिळवायला डॉक्टरांपेक्षा एका झेरॉक्सवाल्याची मदत जास्त झाली, म्हणून हे लिहितोय.

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन बेळगावातल्याच एका हॉस्पिटलात झालं. नाव घेत नाही. गुडघा उत्तम बसला, त्याबद्दल काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या तीन रात्रींची. भूल उतरली आणि आई विव्हळायला लागली. "लई दुखूलालंय रे, बाळ." सलाईनमधून औषध गेलं की तिला मळमळायचं, गरगरायचं, पण दुखणं तिथल्या तिथं. शून्य ते दहात किती दुखतंय असं विचारत. आई आठ म्हणायची, नऊ म्हणायची. तिसऱ्या रात्री तिनं सांगणंच सोडलं, कारण "आज्जी, जरा सहन करायला शिका" हे तिनं तोवर चारदा ऐकलं होतं. वडगावात तीस वर्षं मागावर उभी राहिलेली बाई ती. तिला सहन करायला शिकवत होते.

यंदा डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल वेगळं. ऑपरेशनच्या आधी तपासायला आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंना मी मागची कहाणी सांगितली. त्यांनी ती मधे न तोडता ऐकली, हेच मला नवल वाटलं. मग म्हणाल्या, "औषध कुठलं होतं? किती, किती वेळानं दिलं?" डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'वेदनाशामक दिले' एवढंच. त्या म्हणाल्या, डोस कमी पडला की औषधच चाललं नाही, हे चार्ट बघितल्याशिवाय कसं कळणार? वॉर्डातला औषधांचा चार्ट आणा.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

पहिल्या दिवशी जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर गेलो. "आयपी नंबर?" म्हणजे भरती होताना हॉस्पिटल पेशंटला देतं तो नंबर. माझ्याकडे आईचं नाव होतं, तारीख होती, वॉर्ड होता, खाटसुद्धा आठवत होती. "आयपी नंबर सांगा, मगच बोला." घरी येऊन कपाट उलथंपालथं केलं. नंबर सापडला औषधाच्या एका जुन्या बिलावर, कोपऱ्यात, पुसट. (तेव्हा बिलं फेकू नका. डिस्चार्ज कार्ड हरवलं तरी बिलावर नंबर असतो.)

दुसऱ्या दिवशी नंबर होता, तर नाव जुळेना. आधारवर आईचं नाव, मधे बाबांचं, मग आडनाव. त्यांच्या कॉम्प्युटरात आडनावच नाही. नाव आणि पुढे एक इंग्रजी आद्याक्षर, आपल्याकडच्या कन्नड कागदांवर असतं तसं. "ही तुमचीच आई कशावरून?" मी कन्नडमधूनच समजावलं, मला बऱ्यापैकी येतं. त्यांनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाळे बन्नी." भाषेचा काही संबंध नव्हता. मराठीतून विचारलं असतं तर 'उद्या या' म्हणाले असते.

तिसऱ्या दिवशी पेशंटचं सहीचं पत्र हवं. पेशंट घरी वॉकर धरून चालतेय. पत्र लिहून तिची सही घेऊन परत आलो तेव्हा दीड वाजला होता, खिडकी बंद. अडीचला उघडली. पत्र घेतलं, फॉर्म भरून घेतला, पैसे भरून घेतले आणि चौथ्या दिवशी एक पाकीट हातात दिलं. खुशीत जिन्यातच फोडलं. आत काय? डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. जी माझ्या घरात आधीच होती, लॅमिनेट करून!

परत वर गेलो. खरं सांगतो, आवाज चढला माझा. खिडकीतले साहेब म्हणाले, आत नर्सिंगचे कागद पन्नास-साठ आहेत, ते आम्ही देत नाही, आणि जुनी फाईल गोडाऊनला असते. खाली गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या माणसानं माझा चेहरा बघूनच विचारलं, "रेकॉर्ड रूम काय?" त्यानंच सांगितलं की नुसतं 'केस पेपर' लिहू नका. 'ड्रग चार्ट, नर्सिंग नोट्स आणि अनेस्थेशिया नोट्स' असं एकेक नाव लिहा, आणि खाली नियम लिहा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, भरती झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवून त्यावर पोच घ्यायची, हेही त्यानंच सांगितलं. पोच घेताना साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि ७२ तास कशाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाईल आली. गोडाऊनला वगैरे नव्हती, मागच्याच कपाटात होती.

त्यात सगळं होतं. ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम, मग १००, मग पुन्हा १००. समोर दुखण्याचे आकडे: आठ, नऊ, आठ. तिसऱ्या रात्रीपुढे रकाना कोरा. मी ते पान रिक्षात बसून बघत होतो, आणि राग आला की बरं वाटलं, नक्की सांगता येणार नाही.

भूलतज्ज्ञ बाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, डोस काही कमी नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आमच्या मागाच्या भाषेत सांगतो. ट्रॅमाडॉल म्हणजे बाजारातून आणलेलं सूत. ते तसंच धोट्यात (मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेतो तो) बसत नाही, आधी कांडी भरायला लागते, म्हणजे छोट्या नळीवर सूत गुंडाळायला लागतं. ही कांडी भरायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, सीवायपी-२डी-६. ते ट्रॅमाडॉलपासून दुसरं द्रव्य तयार करतं आणि दुखणं दाबण्याचं मोठं काम ते द्रव्य करतं. कोडीनचंही तसंच, त्याचं शरीरात मॉर्फिन व्हावं लागतं. या एन्झाइमचं जनुक काहीजणांत दोन्हीकडून, आईकडून आणि वडिलांकडून, बिघडलेलं येतं. त्यांना सूत कितीही द्या, कांडी भरतच नाही. मळमळ होते, चक्कर येते, दुखणं राहतं.

पुढे त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला औषधाचा असा विचित्र अनुभव? मला निपाणीची मावशी आठवली. तंबाखूच्या वखारीत काम केलेली, धट्टीकट्टी. तिला बीपीसाठी मेटोप्रोलॉल सुरू केल्यावर नाडी चाळिसाच्या घरात गेली होती, गोळी बदलावी लागली. बाईंनी भुवया उंचावल्या. मेटोप्रोलॉलसुद्धा याच एन्झाइमनं मोडतं. ते कमी असेल तर गोळी रक्तात साचते. मावशीची तपासणी केलेली नाही, त्यामुळे तिचं कारण हेच असं मी म्हणणार नाही.

चार्टवर उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉनही होतं. तेही ट्रॅमाडॉलचा असर थोडा कमी करू शकतं, म्हणून नुसत्या चार्टवरून छातीठोक सांगता येईना. टेस्ट करायची का? बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, नाही केली तरी चालेल, मी या खेपेला ट्रॅमाडॉल देणारच नाही. पण मला कागद हवा होता. त्या सिस्टरना दाखवायला नाही (बरं, थोडा त्यासाठीही). रक्त घेतलं, बाहेरगावी पाठवलं, खर्चात साड्यांच्या एका खेपेचा नफा गेला. पंधरा दिवसांनी रिपोर्ट: 'पुअर मेटाबोलायझर', म्हणजे कांडी न भरणाऱ्यांतली. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते की!"

एक राहिलंच. तपासायला जाताना रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. डिप्रेशनवरच्या काही गोळ्या, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, याच एन्झाइमला अडवतात. मग जनुक चांगलं असूनही ट्रॅमाडॉल लागू पडत नाही.

आणि उलट्या टोकाची माणसंही असतात, त्यांची कांडी भसाभस भरते, कोडीनचं मॉर्फिन झपाट्यानं होतं. टॉन्सिल काढलेल्या काही लहान मुलांचा कोडीननं श्वास मंदावून जीव गेला, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल नको असं सांगितलं. आमच्या गल्लीत एकाच्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे, त्याला जाऊन सांगून आलो. जरा आगाऊपणा झाला, पण असू दे.

डाव्या गुडघ्याच्या वेळी मांडीत नसेचा ब्लॉक दिला, वेळेवर पॅरासिटामॉल, आणि लागलं तेव्हा थोडं मॉर्फिन. मॉर्फिनला या एन्झाइमची गरज नाही. दुखलं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, दुखणारच. पण आकडा चारच्या वर क्वचित गेला आणि पहिल्या रात्री आई घोरत होती.

डिस्चार्जच्या दिवशी मी बिलाच्या खिडकीवरच ड्रग चार्टची प्रत मागितली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "त्यासाठी रेकॉर्ड रूमला जावं लागेल." मी खिशातून अर्ज काढला. घरूनच लिहून नेला होता, आयपी नंबरासकट.