घड्याळाचा लीस्ट काउंट

माझी नोकरी साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये. व्हर्निअर, स्क्रू गेज, सोनोमीटर, पोटेन्शिओमीटरच्या तारा, कपाटांच्या किल्ल्या, सगळं माझ्या ताब्यात. अकरावीचं पोरगं पहिल्यांदा स्क्रू गेज हातात घेतं तेव्हा मोजू द्यायच्या आधी मी त्याला दोन गोष्टी विचारते. याचा लीस्ट काउंट, म्हणजे याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती? आणि पूर्ण बंद केल्यावर शून्यावर शून्य येतं का? एवढं सांगता आलं की मग खुशाल तार मोज. मनगटावर स्मार्टवॉच आलं तेव्हापासून त्यालाही मी हेच विचारत आलेय. ते काही सांगत नाही. ठोके 73, पावलं 6,412, झोप 81. झोप 81 म्हणजे काय 81? सेंटिमीटर?

पहिलं घड्याळ ऑनलाइन सेलमधलं, दीड हजाराच्या आतबाहेरचं. ठोके, ऑक्सिजन, ताण, रक्तदाब, सगळं मोजतं असं डब्यावर छापलेलं. रक्तदाब म्हटल्यावर सासूबाईंनी लगेच हात पुढे केला. त्यांचा आला 124/79. माझा 121/78. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, तरी ह्यांचा 122/80. अख्खं घर असं एका रांगेत शिस्तीत बसलेलं पाहून मला संशय आला. टोपलीतला दुधी घेतला आणि त्याला पट्टा बांधला. दुधीचा रक्तदाब 118/76, ठोके 84.

"माझ्यापेक्षा बरा आहे की," सासूबाई म्हणाल्या, आणि विळी पुढे ओढली.

दुधीला नाडी कुठून आली, हे समजायला फार अवघड नाही. घड्याळ पालथं केलं की हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, प्रकाश कमी परत येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये जास्त परततो. शेजारी बसवलेला फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर, हा चढउतार मोजतो. पद्धत अस्सल आहे. पण समोर दुधी आला, तरी थोडाफार प्रकाश परत येतोच आणि त्यात थोडीफार थरथर असतेच. सॉफ्टवेअरला त्यातून ताल शोधायचं काम दिलेलं असतं, ते बिचारं शोधतं. "इथे माणूस नाही" असं म्हणायची मुभा स्वस्त घड्याळाला कोणी दिलेली नसते.

रक्तदाबाचं तर त्याहून वरचढ. डॉक्टरांकडचा पट्टा दंड आवळतो, धमनी दाबतो, मग सोडतो, तेव्हा कुठे दाब कळतो. साध्या घड्याळाच्या पट्ट्यात हवाच भरत नाही, तर दाब कोणाचा मोजणार? सॅमसंगच्या काही घड्याळांत ही सोय आहे, पण ते सांगतात की दर 28 दिवसांनी दंडाच्या यंत्राशी घड्याळ जुळवून घ्या. हे वाचून मला बरं वाटलं होतं. याला म्हणतात कॅलिब्रेशन. साखरेचं म्हणाल, तर सुई न टोचता घड्याळाने साखर मोजायला आपण कुणालाही मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांच्या नियामक संस्थेने, फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना बजावून सांगितलं. तरी आमच्या नात्यातले एक काका जेवण झाल्यावर मनगटाकडे बघून गुलाबजाम घ्यायचा की नाही ते ठरवतात. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा "घ्यायचा" असंच येतं.

आताचं घड्याळ पुष्कळ बरं आहे. त्यात जीपीएस आहे, हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे आणि रक्तदाबाचा दावा नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडली.

साताऱ्यात घड्याळाला काम भरपूर. पहाटे निम्मं गाव रस्त्यावर असतं. कुणी अजिंक्यताऱ्यावर, कुणी 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत, कुणी यवतेश्वरच्या घाटात. हिल हाफ मॅरेथॉन त्याच घाटातून जाते, त्यामुळे इथे 'झोन टू' हे शब्द दूधवाल्यालाही ठाऊक. झोन म्हणजे व्यायामाच्या जोरानुसार पाडलेले ठोक्यांचे टप्पे; घड्याळ ते काढतं 220 वजा वय या हिशेबाने. माझं वय 52, म्हणजे माझ्या हृदयाची कमाल मर्यादा 168. पण हा सरासरीचा हिशेब आहे. एकेका माणसाची खरी कमाल त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असू शकते. एवढा फरक लॅबमध्ये एखाद्या मुलाने आणला तर मी त्याला परत वाचन घ्यायला लावीन. घड्याळ मात्र 169 ला लाल होऊन थरथरायला लागतं.

खरी गंमत उतारावर. घाट उतरताना मी जरा पळते. दम लागलेला नसतो, बरोबरच्या वहिनींशी गप्पा चालू असतात, आणि घड्याळ म्हणतं 162. मी थांबून मानेवरची नाडी धरली: 15 सेकंदांत 29, म्हणजे 116. मग 162 कुणाचे? पावलांचे. पळताना माझी पावलं मिनिटाला साधारण तेवढीच पडतात. हात हलला की घड्याळ मनगटावर किंचित सरकतं, परत येणारा प्रकाश त्या तालात कमीजास्त होतो, आणि सॉफ्टवेअर नाडी सोडून पावलांचाच ताल पकडून बसतं. पळणारी मंडळी याला केडन्स लॉक म्हणतात. थंडीत हे जास्त होतं, कारण गारठ्याने कातडीकडचं रक्त कमी होतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट केला की बराच फरक पडतो. बांगड्या मात्र दुसऱ्या हातात सरकवाव्या लागतात.

माझी 15 सेकंदांची पद्धतही काही थोर नाही. एक ठोका इकडचा तिकडे झाला की उत्तर चारने बदलतं. पण ते चार मला माहीत आहेत.

पावलांबद्दल मी फार बोलत नाही. आत तीन दिशांचा त्वरणमापक असतो, त्याला हाताची ठरावीक हालचाल दिसली की एक पाऊल जमा. त्यामुळे माझ्या पोळ्या चालतात. कणीक मळणं आणि लाटणं मिळून रोज काही शे पावलं ओट्यापाशी उभ्याउभ्याच होतात. गणपतीत टाळ्या वाजवत पाच आरत्या म्हटल्या की घड्याळ आनंदाने फटाके उडवतं. उलट पावसाळ्यात घड्याळाच्या हातात छत्री धरून बाजारात जाऊन आलं, की हात स्थिर म्हणून निम्मी चाल गायब. आणि ते दहा हजारांचं खूळ! तो आकडा 1965 साली जपानच्या यामासा कंपनीने बाजारात आणलेल्या पाऊल-मोजणीयंत्राच्या नावातून आला. आदल्याच वर्षी टोकियोला ऑलिम्पिक झालेलं, लोकांना व्यायामाची हौस आलेली. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वयाच्या सोळा हजारांहून जास्त बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेसात हजारांच्या आसपास फायदा सपाट होताना दिसला. हे मी ह्यांना वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, "चला, अडीच हजार सुटले," आणि सोफ्यावर बसले.

या घड्याळात मला मनापासून आवडतो तो दाबाचा सेन्सर. बाकी कुणी त्याच्याकडे बघतही नाही. आमच्या लॅबच्या भिंतीवर फोर्टिनचा बॅरोमीटर आहे, जुना, पितळी पट्टीचा, व्हर्निअर असलेला. पुस्तकात पारा 76 सेंटिमीटर, आणि आमचा पारा कायम 70 च्या आसपास, कारण सातारा समुद्रसपाटीपासून सातशेहून अधिक मीटर वर आहे. दरवर्षी एखादा हुशार मुलगा येऊन सांगतो, मॅडम, हा बिघडलाय. घड्याळाचा दाब आणि माझ्या पाऱ्याचा दाब मी शेजारी शेजारी लिहायला लागले. फरक होता, पण रोज तेवढाच होता. म्हणजे लॅबच्या भाषेत झीरो एरर, शून्यच जरा सरकलेलं. ती एकदा कळली की वजा करायची, संपलं. मनगटावरच्या त्या एवढ्याशा चिपबद्दल मला तेव्हा खरा आदर वाटला.

याच सेन्सरवरून घड्याळ उंची काढतं आणि तिथे फसतं. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की त्याच्या लेखी आपण आठ-नऊ मीटर वर चढलो. जुलैत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पाऊस इकडे सरकला की आमचं घर झोपेत तीस-चाळीस मीटर वर जातं. शाहूपुरीतल्या दुसऱ्या मजल्याच्या फ्लॅटची उंची सकाळी वाढलेली दिसली की मी दोरीवरचे कपडे आत घेते. हवामानाचा अंदाज म्हणून हे चुकीच्या सेन्सरचं बरोबर काम आहे, आणि ॲपमधल्या ढगाच्या चित्रापेक्षा माझा यावर जास्त विश्वास.

जीपीएसबद्दल मात्र ढगांना उगाच दोष देतात. बरोबरचे काका म्हणतात, पावसाळ्यात ढगांमुळे रेषा वाकडी येते. ढगांतून तो संदेश व्यवस्थित येतो. अडचण डोंगराची. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतल्या रस्त्यावर निम्मं आकाश डोंगरानेच झाकलेलं, उरलेल्यात ओली गच्च झाडं. मोजके उपग्रह, तेही एकाच बाजूचे, म्हणून नकाशावर आम्ही कधी कधी सरळ कड्यावरून चाललेलो दिसतो.

ऑक्सिजनच्या आकड्याकडे मी बघणं सोडलंय, आणि त्याला कारण आहे. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यात ज्यांनी घरात बोटाचा ऑक्सिमीटर हातोहात फिरवलाय त्यांना 89 हा आकडा नुसता आकडा वाटत नाही. पहाटे तीनला घड्याळाने 89 दाखवला आणि मी ताडकन उठून बसले. हात अंगाखाली दबलेला होता, एवढंच. बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो, मनगटावर तो नुसता परत येतो, त्यामुळे मनगटाचं वाचन जरा हललं-दाबलं तरी बिघडतं. मी रात्रीचं ते मोजमाप बंद करून टाकलं. झोपेच्या गाढ-हलक्या रंगीत पट्ट्याही तशाच. झोपेचे टप्पे खरे ठरतात मेंदूच्या लहरींवरून, आणि घड्याळ बांधलंय हाताला.

आता मराठीचं दुःख. पहिल्या घड्याळात कॉलेजच्या ग्रुपवरचा मेसेज आला की चौकोनांची रांग दिसायची. या घड्याळात अक्षरं दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन उभी, आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी सुटी. 'प्रात्यक्षिक' वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पर्समधून फोन काढून होतो. देवनागरीत अक्षरं नुसती ओळीने मांडून भागत नाही, ती जुळवणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये लागतो, आणि तो इथे धड बसवलेला नाही. एवढ्याशा काचेवर हृदयाचा आलेख काढता येतो, पण वेलांटी डावीकडे नेता येत नाही, हे मला पटत नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला आम्ही मुलांची घड्याळं काढून ट्रेमध्ये ठेवायला लावतो. परवा तो ट्रे माझ्या टेबलावर होता. वीसेक घड्याळं, काही पालथी, हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि दर थोड्या वेळाने एखादं थरथरून शेजाऱ्याला ढकलतंय. एकावर आलं, "बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला." त्याचा मालक तिकडे दोन तास उभा राहून लोलकाची वीस आंदोलनं मोजत घामाघूम झालेला. एकाने तर ट्रेचे ठोके 71 दाखवले. बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी ते दाखवलं. ते म्हणाले, "ट्रेची तब्येत उत्तम आहे."

एवढं सगळं बोलूनही घड्याळ मी काढत नाही. पहाटेचा गजर नुसता मनगटात थरथरतो, ह्यांची झोप मोडत नाही. कुकर, दुधाचं विरजण, लॅबमधलं पाणी उकळणं, सगळ्यांचे टायमर हात ओले असताना लावता येतात (पडद्यावर थेंब पडला तर नाही येत, मग कोपर वापरायचं). आणि विश्रांतीचे ठोके. सकाळी उठायच्या आधीचा तो एक आकडा मी लॅबच्या जुन्या जर्नलमध्ये लिहिते. तो खरा 61 आहे की 64, याच्याशी मला देणंघेणं नाही; कालच्याशी त्याची तुलना करता येते, तेवढं पुरे. नेहमी साठीच्या अलीकडेपलीकडे असणारा तो आकडा मागे एकदा दोन दिवस सत्तरीला टेकला. मला काही होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सणकून ताप आला.

सासूबाईंसाठी दंडाला बांधायचं यंत्र आणलं. रोज सकाळी पाच मिनिटं गप्प बसून त्या मोजतात आणि कालनिर्णयच्या चौकोनात लिहितात, डॉक्टर तेच बघतात. पण गेल्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की त्यांनाही माझ्यासारखं घड्याळ हवंय. पावलं नकोत, ठोके नकोत, झोप तर मुळीच नको. मी एकदा घड्याळावर बोट ठेवून डाळीच्या डब्यामागे राहिलेला माझा फोन वाजवला होता, ते त्यांनी पाहिलंय. त्यांचा फोन दिवसातून चार वेळा हरवतो. लेकाने पुण्याहून विचारलं, "आजी, रंग कोणता?" त्या म्हणाल्या, "काळा नको. आणि आकडे मोठे असू देत, चष्माही तिथेच कुठेतरी असतो."