तलावातला जुना रबर रंग काढताना: माझा अनुभव

काँक्रीटच्या जुन्या पोहण्याच्या तलावांत क्लोरिनेटेड रबर रंग (क्लोरीनची प्रक्रिया केलेल्या रबराचा) हमखास भेटतो. पण हत्यार उचलण्याआधी मी रंगाची जात तपासतो. झायलीनमध्ये (रंग विरघळवणारं ज्वालाग्राही थिनर) भिजवलेला कापसाचा बोळा रंगावर अर्धा मिनिट दाबून पुसायचा, शेजारी तसाच स्पिरिटचा बोळा. स्पिरिटने सुटला तर ॲक्रिलिक. फक्त झायलीनने विरघळून बोळ्याला लागला तर रबर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, कडक होणारा रंग.

पुढचं सगळं यावर ठरतं. पुन्हा रबर रंगच द्यायचा असेल तर सगळं खरवडत बसू नका. पोपडे आणि पांढरी भुकटी काढली, तलाव धुऊन वाळवला की पुरतं, कारण नव्या रंगातलं झायलीन जुना थर किंचित विरघळवून त्यात मिसळतं. थर साचून जाड झाले असतील किंवा इपॉक्सी लावायचा असेल, तर मात्र काँक्रीट उघडं करायलाच हवं. इपॉक्सीतलं थिनर खालचा रबर रंग मऊ करतं आणि वरचा कडक थर पापुद्र्यासारखा सुटतो.

हे काम पावसाळ्यात काढू नये. जमिनीतलं पाणी चढलेलं असताना रिकामा तलाव खालून उचलला जाऊन तडकू शकतो.

सुरुवात पत्रीने (खरवडायच्या पात्याने), मग दाबाच्या पाण्याने. गाडी धुण्याचा पंप घट्ट बसलेल्या रंगाला पुरत नाही; फिरतं नोझल आणि 300 ते 350 बार दाब लागतो. उरलेल्यावर ग्राइंडर. इथेच बहुतेकांचं काम अडतं: रंग तापून मऊ होतो, चकतीत भरतो आणि चकती घासण्याऐवजी रंग फासत सुटते. मोठ्या फटींचं डायमंड कप व्हील (हिऱ्याचे कण बसवलेली वाटीसारखी चकती) घ्या, वेग कमी, हात हलका, आणि काम सकाळी, काँक्रीट गार असताना. व्हॅक्यूम आणि धुळीचा मास्क हवाच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. खरवडलेला चुरा गटारात टाकू नका.

हीट गन किंवा ब्लो लॅम्प इथे मुळीच नको. तापलेल्या रबर रंगातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. कॉस्टिक सोडाही वाया जातो. अल्कलीला दाद न देणं हाच तर या रंगाचा गुण. ॲसिड सिमेंट खातं, रंग तसाच ठेवतं.

झायलीन मी फक्त कोपरे, पायऱ्या आणि पाइपाभोवती वापरतो. भिजलेली चिंधी ठेवून वर प्लास्टिक, 10 ते 15 मिनिटांनी खरवडायचं आणि लगेच कोरड्या चिंधीने टिपायचं. चोळत बसलं तर विरघळलेला रंग काँक्रीटच्या छिद्रांत उतरतो आणि मग तो काढणं फार कठीण. झायलीनची वाफ हवेपेक्षा जड, ती खोल टोकाला साचते. तिथे हवा खेळती ठेवा, सेंद्रिय वाफेच्या काडतुसाचा (थिनरची वाफ गाळणाऱ्या फिल्टरचा) मास्क लावा, माणूस एकटा सोडू नका आणि त्या वेळी ग्राइंडर बंद ठेवा. ठिणगी पुरेशी होते. साधे रबरी हातमोजे झायलीनमध्ये फुगतात. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

शेवटी पाणी शिंपडून बघा. थेंब टरारून उभा राहिला तर रंग किंवा तेलकटपणा शिल्लक आहे. लगेच शोषला गेला तर काँक्रीट उघडं झालं. इपॉक्सीआधी अर्ध्या मीटरचं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं तर अजून वाळू द्या.