एकदाच जिंकलेली चाल

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी चार पायांचा छोटा रोबो चालवायला घेतला. वेग जास्त हवा आणि वीज कमी, पण एक साधलं की दुसरं बिघडतं. म्हणून एनएसजीए-टू निवडली: उत्क्रांतीसारखी, पिढीमागून पिढी सरस उत्तरं निवडत जाणारी संगणकाची पद्धत. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये घडवलेली ही पद्धत २००२ साली प्रसिद्ध झाली. ती एकच उत्तर देत नाही, तडजोडींचा अख्खा पॅरेटो फ्रंट हाती देते, म्हणजे वेग आणि वीज दोन्हींचा विचार करता ज्यांना दुसरं कुठलंच उत्तर हरवत नाही अशी सगळी उत्तरं.

पहिल्या रात्री सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी रोबोवर, १०० चाली (पाय हलवण्याच्या पद्धती), २०० पिढ्या लावल्या. सकाळी पाहते तर फ्रंटवरचे कितीतरी रोबो जागच्या जागी थरथरत होते! वीज मी टॉर्क (सांधा फिरवणारा जोर) गुणिले कोनीय वेग अशी मोजत होते. जागीच उभ्या रोबोची ती जवळपास शून्यच येणार, मग वीज वाचवण्यात त्याला हरवणार कोण? किमान वेगाची अट घातल्यावर ते मिटलं.

खरा त्रास पुढे होता. खरी फरशी कधीच एकसारखी नसते, म्हणून सिम्युलेशनमध्ये दर चाचणीला घर्षण थोडं बदलत ठेवलं होतं. निकालांचा आलेख पिढीगणिक सुरेख चढत गेला. सर्वांत वेगवान चाल कितीतरी पिढ्या ठाण मांडून होती. ती खऱ्या रोबोवर टाकली आणि तिसऱ्याच पावलाला तो कुशीवर पडला. तीच चाल सिम्युलेशनमध्ये २० वेळा चालवली, तर १७ वेळा पडली.

एनएसजीए-टूमध्ये जुन्या आणि नव्या चाली एकत्र करून त्यांतल्या सरस ठेवतात, म्हणजे सापडलेलं चांगलं हातचं जात नाही. पण जुन्या चालीची परीक्षा पुन्हा होत नाही. सोयीचं घर्षण एकदा वाट्याला आलं की तो आकडा तिला कायमचा चिकटतो.

मग मी टिकलेल्या प्रत्येक चालीला दर पिढीत नव्या घर्षणावर पुन्हा पळवलं आणि सगळ्या फेऱ्यांची सरासरी धरली. चाचण्या दुप्पट झाल्या. आलेख मात्र खाली आला.

"बिघडलं का काही?" सरांनी विचारलं.

"नाही सर, आधीचे आकडे खरे नव्हते."

हे म्हणताना आवाज कापत होता, पण माझी खात्री होती.

नव्या फ्रंटच्या मधली एक चाल रोबोवर टाकली. वेग आधीच्या आकड्याच्या निम्मा. पण तो प्रयोगशाळेच्या दारापासून खिडकीपर्यंत चालत गेला. उचलून, तोंड फिरवून ठेवला, तर तसाच दारापर्यंत परत आला.