मग तुझा बसला का?

गुरुवार, रात्री पावणेबारा

मावशीनं पुस्तक परत आणून दिलं. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "देवावर विश्वास बसेल अशी गोष्ट आहे म्हणालीस ना? मग तुझा बसला का?" मी हसले. ती हसली नाही. लिफ्ट आली, ती गेली.

'लाइफ ऑफ पाय' मी आजवर किती जणांच्या गळ्यात मारलंय! दादाच्या, ऑफिसातल्या दोघींच्या, एकदा तर दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंच्या. दर वेळी वाक्य हेच. आणि तेसुद्धा माझं नव्हेच. पुस्तकाच्या सुरुवातीला पाँडिचेरीच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये एक म्हातारे गृहस्थ लेखकाला ते ऐकवतात. यान मार्टेलनं २००१ साली ते छापलं, पुढच्या वर्षी बुकर घेतलं, मी नुसतं वाक्य घेतलं. इतक्या वर्षांत मला उलटून कुणी विचारलं नव्हतं.

मावशीला म्हटलं होतं, थरार म्हणून वाच. प्राणिसंग्रहालयवाल्याचा सोळा वर्षांचा मुलगा पाय, बुडालेलं जपानी मालवाहू जहाज, सव्वीस फुटी लाइफबोट, तिच्यात रिचर्ड पार्कर नावाचा वाघ आणि पॅसिफिकवर २२७ दिवस. पण दिलं ते काही वाघासाठी नाही. तो पोरगा देवळात जातो, चर्चमध्ये जातो, मशिदीतही जातो. आणि एके दिवशी समुद्रकिनारी पुजारी, पाद्री, इमाम तिघं एकदम आईवडिलांसमोर उभे ठाकतात, तेव्हा 'मला फक्त देवावर प्रेम करायचंय' म्हणून मोकळा होतो. वाटलं, मावशी ते वाचेल आणि देव्हाऱ्याचं दार पुन्हा उघडेल. केवढा तो आगाऊपणा माझा.

तिनं वाचलं मात्र. रोज चार पानं, भिंग घेऊन. आणि अभिप्राय काय, तर "एका माशासाठी केवढा रडतो गं तो!" रडणारच की! जन्माचा शाकाहारी, पहिला मासा मारतो आणि पुढे कायम त्याच्यासाठी प्रार्थना करतो. त्या पानावर मी दर वेळी थांबते. आणि मावशी, बाजारात सुरमईचे कल्ले उघडून बघणारी, तिला तेवढंच दिसावं? जेवताना मला अगदी रडू आलं. आपण मायेनं काही द्यावं, तर लोकांनी त्यातले काटे काढत बसावं.

पुस्तकाला तिनं कव्हर घातलंय, कालनिर्णयच्या पानाचं. फेब्रुवारीचं पान, तारखांची बाजू वर. पेन्सिलीनं दुधाचा हिशोब: १, १, १, आणि चौदा तारखेपासून पुढे अर्धा, अर्धा, अर्धा. मधेच संकष्टी छापलेली. ते कव्हर मी बराच वेळ नुसतं बघत बसले.

तर, बसला का? शेवटी मेक्सिकोतल्या दवाखान्यात दोन जपानी अधिकारी चौकशीला येतात. पाय त्यांची बिस्किटं दडवून ठेवतो आणि मग असं काही सांगतो की मागचं सगळं पुस्तक हलतं. वर विचारतो, यातली कुठली गोष्ट बरी वाटते? (काय ते लिहीत नाही. ही वही दादा चोरून वाचतो आणि त्यानं पुस्तक अजून उघडलेलं नाही.) मी दर वेळी वाघाची म्हणते. पण बरी वाटते म्हणजे विश्वास बसला का? मी आपली आवडण्यालाच विश्वास म्हणत आले आणि लोकांना वाटत सुटले. मावशीनं चपला घालता घालता पकडलं.

साडेदहाला न राहवून फोन केला. म्हटलं, "नाही बसला. वाचताना बसतो, तेवढाच."

"हं," म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. टीव्हीचा आवाज येत होता. "दुसरं काही असलं तर दे. पण त्यात मासे नीट मारणारा कुणीतरी हवा."

कपाटातून 'एका कोळियाने' काढलंय, हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, पु.लं.नी मराठीत आणलेली. चाळायला घेतलं. हा म्हातारा मासा नीटच मारतो. पण तोही मधेच, आपण काही धार्मिक नाही असं सांगून, मासा मिळाला तर दहादा प्रार्थना म्हणायचं कबूल करतो. ते पान मावशीच्या भिंगातून काही सुटायचं नाही.

या वेळी देताना एक अक्षर बोलायचं नाही.