रंगभवननंतरची मधली पायरी

धोबी तलावला सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे रंगभवन हे खुले नाट्यगृह माझ्या पिढीतल्या रॉकवेड्यांसाठी काय होते, हे आज विशीतल्या मुलांना समजावून सांगणे जरा अवघड जाते. 1978 साली ‘जॅझ यात्रा’ हा जॅझ महोत्सव तिथेच सुरू झाला आणि 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हे रॉक बँडचे संमेलन, म्हणजे आमच्या तोंडी नुसते ‘आय-रॉक’, तिथे भरू लागले. मरीन लाइन्सला उतरलेली आणि व्हीटीहून चालत आलेली काळ्या टी-शर्टांतली पोरे फाटकापाशी एकमेकांना मिसळायची, आणि विरारच्या पोराला डोंबिवलीचा ड्रमर तिथेच भेटायचा. बँड बहुधा परदेशी गाणीच वाजवत, कारण गर्दीची फर्माईशही तीच असे. एखाद्या बँडने स्वतःचे गाणे काढले की पहिल्या कडव्यापर्यंत चुळबुळ व्हायची आणि गाण्यात दम असला तर दुसऱ्या कडव्याला मुंड्या हलू लागायच्या. ‘रॉक मशीन’सारखा, पुढे 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ झालेला बँड स्वतःच्या गाण्यांवर उभा राहिला, त्यामागे असा तोंडावर कौल देणारा श्रोता होता, असे माझे मत आहे.

रंगभवनचा आकारही मोलाचा होता. काही हजार माणसे मावतील एवढे ते मोठे होते आणि गिटारवाल्याची बोटे मागूनही दिसतील एवढे लहान. पुढे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू लागला, आणि शेजारी महाविद्यालय व हाकेच्या अंतरावर रुग्णालये असलेल्या रंगभवनचा आवाज गेला तो गेलाच. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी डबल बास ड्रम वाजावा असा हट्ट कोणताही शहाणा चाहता धरणार नाही. हळहळ एवढीच, की त्या मापाची दुसरी जागा मग कोणी उभीच केली नाही.

त्यानंतर बराचसा रॉक छपराखाली, खाण्यापिण्याच्या जागांत शिरला. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 च्या अखेरीस सुरू झालेला ‘ब्लू फ्रॉग’ हा त्यातला सर्वांत देखणा प्रयोग. मधल्या मोकळ्या जागेभोवती वेगवेगळ्या उंचीवर गोल कप्प्यांसारखी बैठक होती, त्यामुळे पुढच्याचे डोके आड येत नसे. आवाजाची मांडणी करताना कोणीतरी खरोखर कान देऊन विचार केला होता, हे बेस गिटारच्या पहिल्या सुरालाच कळायचे; सूर पोटात जाणवायचा, पण शब्द गिळायचा नाही. 2016 मध्ये तो बंद झाला. पुण्यात कोरेगाव पार्कच्या ‘हाय स्पिरिट्स’ने अनेक नव्या बँडना मंच दिला, त्याबद्दल पुणेकरांचा मला हेवा वाटतो. मात्र सगळ्याच जागांना हे भान नसते. उपनगरातल्या एका ठिकाणी गायकाच्या डोक्यामागच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना चालू होता. गाण्याच्या ऐन हळव्या जागी षटकार बसला आणि सगळे सभागृह ओरडले. बिचाऱ्या गायकाने दाद समजून मान लववली.

दुसऱ्या टोकाला स्टेडियम आहे. 15 डिसेंबर 2019 रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘यू टू’ या आयरिश रॉक बँडने आपल्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम केला, ए. आर. रहमान पाहुणे म्हणून आले, आणि भल्यामोठ्या पडद्यावरच्या वाळवंटापुढे चार माणसे मुंगीएवढी दिसत होती. अशा ठिकाणी आवाजाचे गणितच बदलते. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे मंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका सुमारे 0.3 सेकंदाने उशिरा ऐकू येतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज एकत्र पोहोचावा. हे जुळले नाही की प्रत्येक ठोक्याला शेपूट फुटते. मी तर तिकीट कुठलेही असो, शक्य तितका ध्वनिमिश्रकाच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहतो. मिश्रण करणारा माणूस जे ऐकतो, त्यावरच तो खटके फिरवत असतो, तेव्हा सर्वांत नेटका आवाज तिथेच मिळतो.

तर एकीकडे दीड-दोनशे माणसांचा पब आणि दुसरीकडे हजारोंचे मैदान. मराठी नाटकवाल्यांना यातली उणीव लगेच कळेल. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत गाजलेल्या पोरांना थेट मोठ्या व्यावसायिक रंगमंचावर उडी मारावी लागत नव्हती. मध्ये दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह होते, जिथे 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकाला घर दिले. आमच्या बँडना पहिली पायरी आहे. आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवातल्या ‘लाइव्हवायर’सारख्या बँडच्या स्पर्धा आहेत. 2010 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ या संगीत महोत्सवाने अनेक मंच एका आवारात आणून मधली पायरी काही काळ बांधलीही, पण वर्षातून एका शनिवार-रविवारच्या जत्रेवर बँड जगत नाही. त्याला दर दोन-तीन महिन्यांनी सात-आठशे अनोळखी माणसांसमोर वाजवता आले पाहिजे.

त्यासाठी नवी वास्तू कशाला हवी, हे मला उमगत नाही. विलेपार्ल्याचे दीनानाथ नाट्यगृह, ठाण्याचे गडकरी रंगायतन अशी हजाराच्या आसपास आसनांची नाट्यगृहे आपल्याकडे आधीपासून आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारा नियमही बंदिस्त सभागृहांतल्या आतल्या वापराला सूट देतो. अडचणी आहेतच. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असल्याने उड्या मारणाऱ्या गर्दीला जागा नाही, आणि संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून बांधलेल्या सभागृहात ड्रमचा आवाज भिंतींवर आपटून परततो, तेव्हा जाड पडदे लावावे लागतील. थ्रॅश मेटलसारखा वेगवान, दणदणीत रॉक तिथे शोभणार नाही, हे मान्य. पण बसून ऐकावे अशी लांबलचक, वळणे घेत जाणारी गाणी करणारे बँडही आपल्याकडे आहेत, आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री, नाटकाचा प्रयोग नसताना, त्यांनी रीतसर भाडे भरून पडदा उघडायला काय हरकत आहे? बटाटावडा मध्यंतरात मिळाला तर माझी मुळीच तक्रार असणार नाही.