वहीतली खोडलेली तारीख

आज धाकटीच्या इंजिनिअरिंगची पहिली फी, १,८०,००० रुपये, भरून आलो आणि बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडण्याचे बेत ज्या वहीत गेली सहा वर्षे मांडत आलो आहे, ती संध्याकाळी पुन्हा उघडली. पीपीएफची (सरकारी भविष्य निर्वाह निधीतल्या बचतीची) १५ वर्षे येत्या मार्चअखेर पूर्ण होतात. म्हातारपणासाठी राखलेल्या त्या रकमेपुढे पेन्सिलीने ‘फी?’ असे लिहिले आणि लगेच खोडले. ईपीएसचे (नोकरदारांच्या पेन्शन योजनेचे) निवृत्तिवेतन वयाच्या ५८च्या आधी घेतल्यास दर वर्षामागे ४ टक्के कपात होते, म्हणून तो विचार सोडला.

मग उरले शैक्षणिक कर्ज. त्याच्या व्याजावरची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीतच मिळते, हे मी सौ.ला समजावत होतो, तेव्हा तिने चहा गाळता गाळता एवढेच विचारले, “पोरीने पहिल्या पगारापासून हप्तेच भरायचे का?” मला उत्तर सुचले नाही. (करप्रणालीपेक्षा हा प्रश्न अवघड, हे मान्य.) शिकत असताना हप्ता नसला, तरी व्याज चढतच राहते, हे तिला मी सांगितलेही नव्हते.

धाकटी मात्र आतून म्हणाली, “बाबा, हॉस्टेल नको, मी लोकलने जाईन.” कर्ज निम्म्याच फीपुरते काढायचे ठरले असून वहीतली तारीख मी दोन वर्षे पुढे ढकलली आहे, तीही पेन्सिलीनेच.